आधी माझं बघा

आचोळ्याच्या सरकारी दवाखान्यात खिडकीला लागून एक सलूनची खुर्ची आहे. लाल रेक्झिनची, मान टेकायला उशी असलेली, पाय ठेवायला खाली लोखंडी पट्टी. नवा माणूस आत शिरला की आधी तिच्याकडे बघतो, मग बाहेर जाऊन दारावरची पाटी पुन्हा वाचून येतो. इथे दाढीपण होते का, असं विचारणारेही निघाले. लतिका सिस्टर त्यांना सांगते, "दाढी नाही, पण बसा. तोंड बघायचंय."

लतिका सावे. माहेर वसईकडच्या गिरीजचं, सासरही गिरीजचं. एका वाडीतून उठली आणि दोन वाड्या पलीकडे जाऊन बसली, एवढाच तिचा प्रवास. नवरा नरहरी केळी आणि भाजी करतो. ती सकाळी बस आणि रिक्षा करून आचोळ्याला येते. पन्नाशी ओलांडली आहे, उंची बेताची, आवाज मात्र असा की वाडीच्या या टोकाहून "पंप बंद करा" म्हटलं तर पंपालाच ऐकू जावं. दवाखान्यात माइक नाही. लागतही नाही.

तिच्या त्या खुर्चीची ही गोष्ट.

तिशी उलटलेल्या प्रत्येकाचं बीपी बघा, साखर बघा, तोंड बघा, असा हुकूम वरून आलेला होता. हुकूम चांगला होता. हुकूम नेहमीच चांगले असतात. भिंतीवर एक पोस्टरही आलं, सडलेल्या जबड्याचं. ते बघून पोरं रडायची आणि मोठी माणसं पाठ करून बसायची. काम चालायचं ते असं: समोर माणूस आला की पहिला प्रश्न, तंबाखू खाता का? हो म्हणाला की तोंड उघडायला लावायचं. नाही म्हणाला की पुढे. दवाखान्यात गर्दी एवढी की 'नाही' ऐकलं की सगळ्यांना बरंच वाटायचं. पुरुष कबूल करायचे, कारण खिशातली पुडी लपत नाही. बाया नाही म्हणायच्या. आणि खोटं बोलत नव्हत्या, हीच तर मेख होती.

मेख सापडली ती सरलाकाकूंमुळे.

सरलाकाकू संगमेश्वराकडच्या. मुलगा सुजय अंधेरीला नोकरीला, त्याने आचोळ्यात फ्लॅट घेतला आणि आईला गावाहून आणलं. काकू दर महिन्याला बीपीच्या गोळ्यांना यायच्या. त्या दिवशी लतिकाने त्यांना विचारलं, "काकू, तंबाखू?"

"शी," काकू म्हणाल्या, "आमच्यात बायका नाही हो खात."

लतिकाने पुढचीला हाक मारली. काकू बाकावर जाऊन बसल्या. गोळ्या मिळायला वेळ होता. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, एक चपटी डबी काढली, काळी पूड तर्जनीवर घेतली आणि खालचा ओठ ओढून आरामात हिरड्यांवर घासायला लागल्या. डोळे अर्धे मिटलेले, जशी देवळात बसलेली बाई.

लतिका उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काकू, हे काय?"

"मशेरी."

"आत्ता तर नाही म्हणालात."

"तू तंबाखू विचारलंस." काकूंनी बोट पदराला पुसलं. "हे दातांचं आहे. तुम्ही नाही का ती ट्यूब घासत?"

बाकावरच्या बाया हसल्या. लतिकाही हसली. मग तिने सहज विचारलं, "अजून कोण कोण दातांचं घासतं?" हसू हळूहळू थांबलं. आधी एक हात वर झाला, मग दुसरा, मग बाकाच्या टोकापर्यंत हात वर गेले. त्यातल्या एकीने घाबरून दुसराही वर केला. या सगळ्यांनी तिला 'नाही' सांगितलं होतं. एकीचंही तोंड कोणी बघितलं नव्हतं.

तंबाखू तव्यावर जाळून, कुटून, चाळून केलेली पूड म्हणजे मशेरी. जी बाई ती स्वतः भाजते, भाजताना खोकते, तिलाही ती तंबाखू वाटत नाही. आईने लहानपणी बोटाला लावून दात घासायला शिकवलेलं असतं. आईने शिकवलेलं व्यसन कसं असेल?

दुसऱ्या दिवशी पहाटे लतिका मोरीत उभी होती. नेहमीसारखा हात कोनाड्यात गेला, डबी उघडली, बोट पुडीत बुडालं आणि तिथेच थांबलं.

लग्नात आईने दिलेली डबी. बोटही तेच, सवयही तीच. सकाळी एवढीशी चिमूट लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जड राहतं, दिवस सुरूच होत नाही. सिस्टर झाल्यावरही, गुटख्यावर भाषणं ठोकतानाही, रोज सकाळी. स्वतःला तिने कधी फसवलं नव्हतं, कारण तिलाही ते दातांचंच वाटत होतं. काल बाकावर हसलेल्या बायांमध्ये एक हात वर यायचा राहिला होता, तो तिचा.

तिने ती पूड मोरीत नाही टाकली. कोंबड्या खातील म्हणून वाडीच्या कडेला नेऊन खड्ड्यात पुरली. पुढचे काही आठवडे घरात कोणी तिच्या वाटेला गेलं नाही. नरहरी सकाळी उठला की आधी तिचा चेहरा बघायचा आणि चहा स्वतःच टाकायचा. "वादळाचा इशारा बंदरावर लावतात," तो केळीवाल्यांना सांगायचा, "आमच्याकडे मोरीच्या दारावर लावायला पाहिजे." पण सवय सुटली. लतिकाने आरशात तोंड उघडून बघितलं, काही दिसलं नाही, आणि तो विषय तिने मिटवला.

दवाखान्यातला मात्र पेटवला.

"डॉक्टर, आता विचारायचं नाही. बघायचं. जो येईल त्याचं."

दवाखान्याचे डॉक्टर हर्षवर्धन तरुण होते, हुशार होते आणि दुपारपर्यंत उभ्याउभ्याच असायचे. ते म्हणाले, "सिस्टर, बाहेरची रांग बघितलीत का? एकेक तोंड उघडत बसलो तर संध्याकाळी मला घरी कोण ओळखेल?"

"तुम्ही नका उघडू. मी उघडते. मला शंका आली तर तुम्हाला हाक मारते."

"आणि तुम्हाला शंका कधी येणार, हे कसं ठरवायचं?"

"ते तुम्ही शिकवा. पोस्टरवरचा जबडा तर माझ्या सासऱ्यालाही ओळखता येईल. सुरुवात कशी दिसते ते दाखवा."

डॉक्टर वादात पडले नाहीत, ही त्यांची अक्कल. दुसऱ्या दिवसापासून दवाखाना उघडायच्या आधी ते तिला शिकवायला बसले. पुसून न जाणारा पांढरा डाग, मखमलीसारखा लाल डाग, भरून न येणारी जखम, तोंड उघडताना ताणणारा गाल. ओठाच्या आत, गालाच्या आत, हिरडीच्या कडेला, जिभेच्या बाजूंना, जिभेखाली. क्रम कधी मोडायचा नाही. आणि रांगेचा मार्गही त्यांनीच बदलला: वजन, बीपी, तोंड, मग डॉक्टर. तोंडाची जागा वाटेतच ठेवली, म्हणजे वळसा घालून कोणाला जाता येणार नाही.

खुर्ची गल्लीतल्या एका सलूनची. सलून बंद पडलं, खुर्ची भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली आणि लतिकाने ती दवाखान्याच्या दारात अडवली. भंगारवाल्याशी ती एवढं भांडली की शेवटी त्याने स्वतःच ती आत आणून ठेवली आणि स्वतःचं तोंडही दाखवून गेला. खुर्ची वरखाली व्हायची, उशीवर मान टेकली की तोंड बरोबर खिडकीच्या उजेडात यायचं. दाढी करणाऱ्यांनी शोधलेली गोष्ट आहे, कॅन्सरवाल्यांना सुचली नाही.

पण खुर्ची आली म्हणून तोंडं उघडत नाहीत.

पुरुष आ करायचे आणि करतच राहायचे. बायांचं तसं नव्हतं. आयुष्यभर पदर तोंडाशी धरून हसलेल्या बाया. दात काळे, त्याची लाज. मागे सून उभी, तिची लाज. पोस्टाच्या पेटीला असते तेवढी फट करायच्या आणि हात आपोआप वर यायचा. पहिल्याच दिवशी लतिकाने एकीला आवाज चढवून सांगितलं, "नीट उघड की गं." ती बाई उठून गेली. बीपीच्या गोळ्याही न घेता गेली.

लतिका रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. तिला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की तिला काहीतरी सुचतं. ती स्वतः खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि रांगेतल्या पुढच्या बाईच्या हातात टॉर्च दिली.

"आधी माझं बघा. किडलेले दात मोजा. मग तुमचं."

ती बाई आधी लाजली, मग वाकली, मग आणखी वाकली. "मागची दाढ गेलीये की हो तुमची."

"गेलीये ना? आता बसा. तुमच्या किती गेल्यात ते सांगते."

ती बसली. आणि तिने तोंड उघडलं, पुरतं, जसं माणूस डॉक्टरसमोर उघडत नाही, शेजारणीसमोर उघडतो.

लतिकाने त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर तिने तोंडं तपासली होती; बघितली नव्हती. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आत जातं, ओठ बाजूला होतात आणि आत एक खोली उजळते, जिथे वर्षानुवर्षं दिवा लागलेला नसतो. गालाच्या आतल्या कातडीवर केवढं बारीक जाळं असतं रक्ताचं. जिभेखालच्या निळ्या शिरा, भरतीच्या वेळी खाडीच्या फाट्यांत पाणी भरावं तशा. कुणाचा दात सुपारीने झिजलेला, कुणाचा नवऱ्याने पाडलेला. तेही दिसतं, विचारावं लागत नाही. साठी उलटलेल्या बाईच्या तोंडात शेवटचं प्रेमाने कोणी डोकावलं असेल तर तिच्या आईने, पहिला दात आला का ते बघायला. त्यानंतर कोणी नाही. एवढं सगळं हिच्या आत आहे आणि ती बिचारी रांगेत उभी राहून विचारते, 'गोळ्या किती वाजता मिळतात?'

संध्याकाळी ती नरहरीला म्हणाली, "माणसाचं तोंड केवढं मोठं असतं, तुला ठाऊक आहे?"

"तुझं ठाऊक आहे," नरहरी म्हणाला.

तोंड बघून झालं म्हणजे काम झालं, असंही नव्हतं. सरलाकाकूंच्या खालच्या ओठाच्या आत, जिथे बोट रोज घासायचं बरोबर तिथे, पांढरा पट्टा निघाला. डॉक्टरांनी बघितला आणि वसईच्या मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासायला सांगितलं. काकूंनी चिठ्ठी घेतली, नीट घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. पुढच्या महिन्यात गोळ्यांना आल्या तेव्हा ती चिठ्ठी तिथेच होती, घामाने मऊ झालेली.

"गेला नाहीत?"

"सुजयला सुट्टी नाही गो. त्याला विचारते."

"सुजयचा ओठ आहे का?"

काकू चिठ्ठीची घडी पुन्हा घालायला लागल्या.

"दुखतंय का?"

"दुखलं असतं तर गेले नसते का?"

सगळ्या जणी हेच बोलायच्या. दुखत नाही. सणवार आहे. पोराची परीक्षा. एकटी कशी जाऊ. चिठ्ठी देणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला होडीचं चित्र देणं, हे लतिकाला कळून चुकलं. वाडीतली माणसं बाजाराला एकेकटी जात नाहीत, आपल्या मालाला कोणी हसलं तर बरोबर चार जण असावेत म्हणून. मग हॉस्पिटलात एकटीने का जावं?

नरहरीचा टेंपो गुरुवारी केळी घेऊन बाजारात जायचा. घड उतरले की रिकामा. लतिकाने गुरुवारची सुट्टी मागून घेतली. टेंपो आचोळ्याच्या नाक्यावर यायचा, चिठ्ठी मिळालेल्या बाया गोणपाटावर बसायच्या, पायाशी केळीची पानं, आणि सगळी वरात हॉस्पिटलात. सरलाकाकूही गेल्या. सुजयला फोन लतिकानेच केला, टेंपो सुटल्यावर. काकूंचा तुकडा काढला. रिपोर्टात वाईट काही निघालं नाही, पण मशेरी सोडा असं तिथल्या बाईंनी बजावलं. काकूंनी डबी टेंपोतूनच रस्त्यावर भिरकावली. ती मागून येणाऱ्या रिक्षावर आपटली. रिक्षावाल्याने पुढच्या सिग्नलला गाठून जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता क्लेमेंटीनमावशी. वसईतल्या होळी गावच्या वाडीतली वांगी, वाल, मुळे टोपलीत घेऊन ती आचोळ्याच्या बाजारात बसते. सत्तरीला टेकली आहे. घरी तिची बोली वेगळी, कोणा बाहेरच्याला चार शब्द कळायचे नाहीत. बाजारात ती बाजाराचं बोलते. विकायला बसायच्या आधी दवाखान्यात बीपी बघून जायची तिची रीत. टोपली दाराशी ठेवते आणि शिपायाला सांगते, "हात नको लावू, मोजून ठेवलीत." मोजलेली नसतात.

त्या दिवशी खुर्चीपाशी तिची पाळी आली. लतिका सवयीने आधी स्वतः बसली, टॉर्च दिली. एव्हाना तो नुसता रिवाज झाला होता. बाया एक नजर टाकायच्या, हसायच्या, "छान आहे हो" म्हणायच्या आणि बसायच्या.

क्लेमेंटीनमावशी हसली नाही. तिने चष्मा कपाळावर चढवला, कारण तिला जवळचं चष्म्याशिवाय दिसतं. वांगं घेताना ती जशी देठाकडून फिरवून बघते, कुठे अळीचं भोक आहे का, तशी ती बघायला लागली.

"ओठ खाली ओढ."

लतिकाने ओढला.

"आणखी ओढ, बाय. डावीकडं." तिने टॉर्च जवळ आणली. "इथं पांढरं काय गं तुझ्या?"

"दही खाल्लं सकाळी."

"पूस."

लतिकाने हातमोजा घातला, कापसाचा बोळा फिरवला. तिच्या बोटाला कळलं. बोटाला आधीच कळलं होतं. कापूस कोरडा आला.

"जात नाही," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, जिंकल्याचं काही नव्हतं. किडकं वांगं ती टोपलीच्या बाजूला काढून ठेवते, तेवढंच होतं. "तूच सांगत असते ना, पुसून जात नाही ते दाखवायचं म्हणून."

आरशात ती जागा दिसली नव्हती. ओठाच्या आतल्या घडीत, हिरडीला लागून, तांदळाच्या कणीएवढी. वर्षानुवर्षं बोट जिथे थांबायचं तिथे.

डॉक्टरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टॉर्च बंद केली आणि म्हणाले, "सिस्टर, गुरुवारी टेंपो आहेच ना?"

"आहे."

"मग बसा त्यात."

लतिका हो म्हणाली आणि त्या गुरुवारी गेली नाही. बायांना टेंपोत बसवलं, हॉस्पिटलाच्या दारात उतरवलं, आत नेलं, बाकावर बसवलं आणि स्वतः त्यांच्या पिशव्या सांभाळत उभी राहिली. डॉक्टरांना सांगितलं, रांग मोठी होती. पुढच्या गुरुवारी पुतण्याचा साखरपुडा होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी काय होतं ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दुखत तर नव्हतं. रात्री झोपताना जीभ आपोआप त्या जागी जायची, चाचपायची आणि परत यायची. जी बाई सगळ्यांची तोंडं उघडते तिने आपलं घट्ट मिटून घेतलं होतं. नरहरीलाही सांगितलं नाही. तीस वर्षं ज्याच्याशी पाण्याच्या पाळीवरून भांडली, त्याला सांगायला शब्द सापडेना. सांगितलं की खरं होईल, असं तिला वाटत होतं. शिकलेली बाई, पण भीतीला शाळा नसते.

एका गुरुवारी सकाळी वाडीच्या फाटकापाशी टेंपोचा हॉर्न वाजला. टेंपो एव्हाना केळी घेऊन बाजारात गेलेला असायचा. लतिका ओले हात पदराला पुसत बाहेर आली. टेंपोत केळी नव्हती. गोणपाटावर क्लेमेंटीनमावशी बसली होती, शेजारी सरलाकाकू. नरहरी स्टिअरिंगवर, समोर बघत.

"हे काय?"

"मी होळीच्या बाजारातही माल देते," मावशी म्हणाली. "तुझा नवराही देतो. मला वाटलं त्याला ठाऊक असेल. मी विचारलं, बायकोचा ओठ कसा आहे. तो म्हणाला, कुठला ओठ."

लतिकाने नरहरीकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"माझं मी जाणार होते," ती म्हणाली. "या गुरुवारी सुट्टी घेतली नाही मी. दवाखान्यात कोण बघणार?"

"डॉक्टरांना कालच सांगून ठेवलंय," सरलाकाकू म्हणाल्या. "ते म्हणाले, पळून गेली तर फोन करा."

"यांना विचारायला पाहिजे आधी. घरात एकदम असं…"

"नवऱ्याला विचारायचंय? विचार. तो काय, समोरच बसलाय." काकूंनी पदर खोचला. "माझ्या सुजयला तू विचारू दिलं नव्हतंस. 'सुजयचा ओठ आहे का', असं म्हणाली होतीस. माझ्या सगळं ध्यानात आहे गो."

"मला दुखत नाही काकू."

बोलून झाल्यावर तिला ऐकू आलं आपण काय बोललो ते. केळीच्या पानांवर वारा आला, पानं फडफडली आणि पुन्हा स्थिर झाली. मावशीने सरकून गोणपाटावर जागा केली आणि जागेवर हात थोपटला.

नरहरी पहिल्यांदा बोलला. "केळी उद्या पण जातील."

ती चढली.

हॉस्पिटलाच्या बाकावर ती आजवर किती वेळा बसली होती, कुणाकुणाचा हात धरून. पेशंटच्या बाजूने बाक वेगळा असतो. आतून नाव आलं, "लतिका नरहरी सावे," आणि तिच्याबरोबर दोघीही उभ्या राहिल्या. आतल्या बाई म्हणाल्या, पेशंट एकच ना? सरलाकाकू म्हणाल्या, "पेशंट एक. आम्ही तिच्या सिस्टर."

ओठात सुई टोचली, ओठ बधिर झाला, तुकडा काढला. तुकडा बाटलीत तरंगत होता. लतिकाने तो बघितला. एवढासा. यासाठी एवढ्या रात्री जीभ भटकत होती.

रिपोर्ट यायला काही दिवस लागले आणि त्या दिवसांत नरहरीने एकदाही पंपावरून भांडण काढलं नाही. त्याने रोज रात्री टॉर्च आणून तिला ओठ ओढायला लावलं. काय बघायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. बघायचा मात्र.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या. वाटेला लागल्या होत्या, अजून पोहोचल्या नव्हत्या. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेवढा डाग पुरता कापून काढू, मशेरीला पुन्हा हात लावायचा नाही, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. आणखी दोन वर्षं कळलं नसतं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. लतिकाने विचारलं नाही. ते उत्तर भिंतीवरच्या पोस्टरवर होतं.

डाग कापला, टाके पडले. ओठ सुजून असा झाला की स्वतःचं नावही धड घेता येईना. बोलू नका, असं सांगितलेलं. टाके ओढत होते, तरी तिला घरी बसवेना, म्हणून ती तोंडाला रुमाल बांधून दवाखान्यात आली. डॉक्टर हर्षवर्धन म्हणाले, "आज दवाखान्यात केवढी शांतता आहे," आणि तिने त्यांच्याकडे जे बघितलं त्यात आवाज नव्हता एवढंच.

रांग लागलेली होती. खुर्चीपाशी एक नवी बाई आली, तरणी, कडेवर लेकरू, चेहरा ओढणीत अर्धा. खुर्ची बघून थबकली. लतिकाने खुर्चीकडे हात केला. ती जागची हलेना. लतिकाला बोलायचं होतं. ओठ उघडला आणि टाका ओढला गेला. शब्द आला नाही. आज पहिल्यांदा तो आवाज नव्हता, ज्यावर सगळा दवाखाना चालायचा. तिला वाटलं, गेली. ही पण उठून जाणार, त्या पहिलीसारखी.

दाराशी टोपली ठेवल्याचा आवाज झाला. क्लेमेंटीनमावशी आत आली, रांग ओलांडून सरळ खुर्चीत बसली, मान उशीवर टाकली आणि टॉर्च त्या मुलीच्या हातात कोंबली.

"आधी माझं बघ," ती म्हणाली. "चार दात आहेत. त्यातला एक माझा नाही."

मुलगी हसली. ओढणी खांद्यावर उतरली. लेकराला शेजारच्या बाकावरून सरलाकाकूंनी न विचारताच मांडीवर घेतलं. मुलगी वाकली, टॉर्च लावली, आणि लतिका बघत होती की ती कशी बघतेय: ओठ, मग गाल, मग हिरडी, मग जीभ, मग जिभेखाली. हिला कोणी शिकवलं? रांगेत उभी राहून शिकली असणार, पुढच्यांकडे बघून. बाकावर बसलेल्या बाया माना लांब करून तेच बघत होत्या आणि एक दुसरीला हळूच सांगत होती, "हिरडीच्या कडेला बघायचं राहिलं तिचं." क्रम कोणाचाही मोडत नव्हता.

लतिकाने आजवर आपल्या घशाच्या जोरावर जे धरून ठेवलं होतं, ते तिने सोडलं तरी पडत नव्हतं. ते बाकावर बसलं होतं, रांगेत उभं होतं, बाजारातून टोपली घेऊन आलं होतं.

मावशी उठली. मुलगी बसली. खुर्चीची उशी तिच्या मानेला जरा उंच पडत होती, म्हणून लतिकाने खालचा दांडा पायाने दाबला आणि खुर्ची कुरकुरत खाली आली. सकाळचं ऊन बरोबर तोंडात उतरलं.

"आता तू बघ," मावशी लतिकाला म्हणाली, आणि टोपली उचलायला वळली. मग दाराशी थांबून तिने शिपायाकडे बघितलं. "दोन वांगी कमी आहेत."

शिपाई म्हणाला, "मावशी, आज मोजली होतीत का?"

"नाही," ती म्हणाली, "पण कमी आहेत." आणि बाजाराकडे गेली.

लतिकाने हातमोजा चढवला, लाकडी पट्टी घेतली आणि मुलीचा ओठ हलकेच खाली ओढला.